काळी बोटं

नानांनी चहाचा ग्लास उचलला तेव्हा संचिताला त्यांची बोटं दिसली. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, टोकांना काळपट तपकिरी. नखांच्या कडांना तर शाई साचून वाळल्यासारखी रेघ. कणकवलीच्या एसटी स्टँडासमोरच्या त्या हॉटेलात दुपारची गर्दी होती, भज्यांचा घाणा निघत होता, कुणीतरी उभ्या उभ्या फोनवर भांडत होतं, आणि तिचे वडील नेहमीसारखे बशीत चहा ओतून त्यावर फुंकर घालत होते. सप्ताहाचे टाळ दुरुस्तीला दिलेले, ते न्यायला ते आचऱ्याहून आले होते, आणि जाता जाता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या लेकीला भेटायला थांबले होते. एवढीच गोष्ट. तरी तिनं आपला उजवा हात हळूच टेबलाखाली घेतला. तिच्याही बोटांवर तोच रंग होता.

“नाना, बोटांक काय झाला?”

“ह्यां? काजीचो चीक गो. बोंडा काढूक गेललंय,” नाना म्हणाले. तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत म्हणाले, आणि ग्लास दुसऱ्या हातात घेतला.

काजूचा चीक तिला कुणी शिकवायला नको होता. बारा महिने नाही तरी काजूच्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाच्या हातावर तो असायचाच. चीक भाजतो, आग होते, मग कातडीचे पापुद्रे सुटतात आणि खालून नवी गुलाबी कातडी येते. नानांच्या बोटांवर एकही पापुद्रा नव्हता. कातडी गुळगुळीत होती, आतूनच काळी पडल्यासारखी. तसा डाग एकाच गोष्टीचा पडतो. चांदीचा क्षार विरघळला की पाण्यासारखा दिसतो, बोटाला लागला तर कळतही नाही. उन्हात गेलं की मग तासा-दोन तासांनी रंग वर येतो आणि साबण, लिंबू, राख कशालाही दाद देत नाही. जुनी कातडी झडेपर्यंत तो माणसाबरोबर राहतो. आपल्याखेरीज अशी बोटं या तालुक्यात कुणाची नसतील असं तिला मघापर्यंत वाटत होतं. नानांनी तिच्या प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकलं नव्हतं. म्हणजे बाटली. तिनं घरी ठेवलेली, तिच्या द्रावणाची बाटली; त्यात थोडा क्षार उरलेला असतोच. आणि हे लक्षात आल्याक्षणी तिची नजर आपोआप टेबलाखाली गेली, आणि तिथे तिला बूट दिसले. कापडी, निळे, नवे. जन्मभर चपला घालून हिंडलेल्या, देवळात जायचं म्हणून त्याही काढून अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायांत बूट, आणि डावा बूट नाड्या न बांधता नुसता पायावर चढवलेला.

नाना उठले. आचऱ्याची गाडी लागली होती. पिशवीतले टाळ किणकिणले. त्यांनी डावा पाय पुढे टाकला तो असा, की जणू तो दुसऱ्याचा पाय आहे आणि त्यांनी तो जपून परत करायचा आहे. इथेच, याच रस्त्यावर दोन दवाखाने आहेत, त्यांना हाताला धरून न्यावं, असं तिच्या मनात आलं. आणि ते मनात आलं म्हणूनच ती घाबरली. नेलं तर डॉक्टर बूट काढायला लावतील. काढला की जे असेल ते खरं होईल. तोवर नाना गाडीच्या पायऱ्या चढले होते. दुपारच्या प्रॅक्टिकलला मुली वाट बघत बसतील हे माहीत असून ती त्यांच्या मागोमाग चढली.

“तू खंय गो?” नाना म्हणाले.

“आयेक बघूक,” ती म्हणाली. तीही खोटंच बोलली.

गाडी कलमठ सोडून आत वळली तशी झाडी जवळ आली, काजूच्या फुलांचा आणि तापलेल्या मातीचा वास खिडकीतून आला. नानांनी पिशवी मांडीवर घेतली होती. प्रत्येक खड्ड्याला टाळ एकदा बोलायचे आणि थांबायचे. हा आवाज तिला जन्मापासूनचा ओळखीचा. वाडीच्या देवळात सप्ताह बसला की नाना भिकाजीबुवांच्या उजव्या हाताला टाळ घेऊन उभे राहायचे, आणि ती पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर. कीर्तनातल्या देवांपेक्षा तिला त्यातला एक क्षण जास्त आठवायचा. पूर्वरंग संपून आख्यान रंगात आलं, भक्तावर संकट आलं, की बुवा एकदम थांबायचे. मृदंग थांबायचा. नानांचे टाळ हवेत एकमेकांपासून वीतभर अंतरावर तसेच राहायचे. तेवढ्या वेळात तिला इतकी भीती वाटायची की ती आईच्या लुगड्याचा काठ चावून धरायची. मग बुवा हलकेच सूर लावायचे, टाळ एकमेकांवर पडायचे आणि सगळं देऊळ गजरात न्हाऊन निघायचं. भीतीच्या पलीकडे गजर असतो हे ती देवळात शिकली होती. मोठेपणी कल्चरची प्लेट उबेत ठेवून दुसऱ्या सकाळी झाकण उघडायची तेव्हाही तिला तोच थांबलेला मृदंग आठवायचा, आणि काचेच्या बशीत जंतूंच्या दाट सायीमध्ये तिच्या औषधी द्रावणाच्या थेंबाभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ गोल कडं दिसलं की ती मनातल्या मनात हात जोडायची.

“नानानु, आता बूट घालूक लागलात?” पुढच्या सीटवरून काशीबाई वळली. ती मासे विकून परत चालली होती, रिकामी पाटी पायाशी. “लेक मास्तरीण झाली म्हणान?”

“व्हय तर,” नाना म्हणाले. “आता टाय तेवडी रवली.”

“टाय बांधून टाळ वाजवल्यात तर देव घाबरात.” काशीबाई खो खो हसली, मग तिनं संचिताकडे मोर्चा वळवला. “बाय, तुझा ता औषध कधी येताला गो? बुवानी सांगल्यापासून माजो घोव जखमेचो पाय फुडे करून बसलो आसा. मलम लावूक सांगलंय तर म्हणता, माका उंडीचाच होया.”

संचिता हसली. हसली असावी. तोंड तसं झालं खरं.

उंडीचं ते झाड देवळाच्या मागेच होतं, समुद्राच्या वाऱ्यानं एका अंगाला कललेलं. त्याच्या बियांचं तेल पूर्वी देवाच्या समईला असायचं, गुरांच्या जखमांना लावायचे. पाला तोडायचा म्हणजे देवाला विचारायला हवं, म्हणून नानांनी गणपत गुरवाकरवी कौल लावला होता. काळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं, आणि गुमान बघत उभं राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. त्या दिवशी उजवी अशी पटकन पडली की गणपतसुद्धा हसला होता. मग तिनं पाला धुऊन उकळला, गाळला, त्यात चांदीच्या क्षाराचं द्रावण थेंबाथेंबानं सोडलं, आणि फिक्या पिवळ्याचं होता होता चहासारखं तपकिरी झालेलं बघून तिनं नानांना फोन केला होता. नानांनी चांदीचं विचारलं होतं, “म्हणजे रूपा खंय गेला?” ती म्हणाली होती, त्यातच आसा नाना, पण इतका बारीक झाला की दिसणा नाय.

हे नानांनी बुवांना सांगितलं, आणि बुवांनी देवळातल्या गेल्या सप्ताहाला ते आख्यानातच घेतलं. तिला समोर बसवून घेतलं. “पानानं चांदीला हात लावला,” बुवा म्हणाले, “आणि चांदीचा अहंकार गळाला. इतकी लहान झाली, इतकी लहान झाली, की डोळ्यांना दिसेनाशी झाली. आणि मायबाप, जी लहान झाली तीच आत शिरली.” मृदंग थांबला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं निबंध वाचून, चर्चासत्रांत बोलून आपल्या कामाचं जे सांगता आलं नव्हतं ते बुवांनी तीन वाक्यांत सांगितलं असं तिला वाटलं. मग त्यांनी तिलाच दोन शब्द बोलायला लावले, आणि ती अगदी स्पष्ट बोलली होती: हे बशीतल्या जंतूंवर चालतं, माणसावर अजून कुणी लावून बघितलेलं नाही, कुणी लावू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांनीही. टाळ छातीशी धरून ते तिच्याकडे असे बघत होते की तिला खाली बघावं लागलं.

आणि परवा रश्मीचा फोन आला. रश्मी तिची मैत्रीण, कोल्हापूरला असते, जिवंत पेशी वाढवून त्यांच्यावर औषधं तपासण्याची सोय तिच्याकडे आहे. “तुझं द्रावण जंतू मारतं, त्यात वादच नाही,” ती म्हणाली. “पण कातडीच्या पेशीही सोडत नाही गं. कण आत शिरतात. बऱ्याचशा पेशी तर मी बघेपर्यंत मरून बशीपासून सुटल्या होत्या.” संचिता म्हणाली, बरं, प्रमाण कमी करून बघू. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, असं प्रत्येकच कामात होतं. आज गाडीत मात्र तिला ते वाक्य दोन आवाजांत एकदम ऐकू येत होतं. कण आत शिरतात. जी लहान झाली तीच आत शिरली. कुठला आवाज बुवांचा आणि कुठला रश्मीचा ते कळेना, आणि त्यांच्या मध्ये टाळ, खड्ड्यागणिक.

बाटली तिनंच घरी ठेवली होती. किनाऱ्यावरच्या दमट हवेत द्रावण किती टिकतं ते बघायला, काळ्या कागदात गुंडाळून, देवखोलीतल्या फडताळात, कारण घरात तेवढीच अंधारी जागा. आईनं बाटलीवर कुंकवाचं बोट टेकवलं होतं. संचिता त्यावर हसली होती. आणि नानांना साखर आहे. कितीतरी वर्षांची. पायाला ठेच लागली तरी त्यांना रक्त बघून कळतं. अशा पायाला जखम झाली, आणि त्या जखमेवर रोज, देवपूजा झाल्यावर, त्या बाटलीतलं दोन बोटं बुडवून लावलं तर... तिला पुढचं दिसत होतं, एकेक पायरी, फळ्यावर समीकरण मांडावं तसं. वरचे जंतू मरणार. पू नाही, वास नाही. म्हणून कुणाला शंका नाही. आणि खालून येणारी नवी कातडी, ती येताच मरणार. रोज सकाळी, न चुकता, भक्तिभावानं. आणि जखमेच्या त्या बंद न होणाऱ्या दारातून, द्रावण जिथे पोचत नाही तिथे खोल, दुसरे जंतू शिरणार. तिनं खिडकीची सळई घट्ट धरली. वाटेत रामगडला गाडी थांबली, माणसं चढली, कुणी नानांना हात केला. तिला वाटलं, इथे सगळ्यांसमोर खाली वाकावं आणि तो बूट ओढून काढावा. पण नाना तसे नव्हते. चारचौघांत त्यांनी कधी शर्टाचं वरचं बटण सोडलेलं तिला आठवत नव्हतं.

“नाना,” ती अगदी हळू म्हणाली, “देवखोलीतली बाटली कमी झाली आसा?”

नाना बाहेर बघत राहिले. त्यांचा काळा अंगठा पिशवीवरून टाळांच्या कडेवर फिरत होता. मग म्हणाले, “देवळाकडे उतरूया. टाळ ठेवचे आसत.”

आणि तिच्या ध्यानात आलं की देवळात शिरताना बूट काढावाच लागेल. मग तिनं काही विचारलं नाही. त्या पायरीची ती वाट बघू लागली, आणि पायरी येऊ नये असंही तिला वाटू लागलं. गाडी बंद पडावी, रस्त्यात म्हशी आडव्या बसाव्यात, काही व्हावं. माडांच्या वर समुद्राचा पांढुरका उजेड दिसला. लहानपणी हा उजेड दिसला की ती सीटवर उभी राहायची. आता तिनं डोळे मिटले तर मिटल्या डोळ्यांसमोर काचेची बशी आली, झाकण घातलेली, आतून घामेजलेली.

देवळाच्या पायरीवर नाना बसले. काशीबाई पाटी काखेला मारून पुढे गेली. उन्हं अजून खाली आली नव्हती, सभामंडपात कुत्रं झोपलं होतं. नानांनी उजवा बूट काढला. मग डाव्याला हात घातला आणि थांबले.

“तू ओरडशील.”

“नाय ओरडणा.”

त्यांनी बूट काढला, आतलं फडकं सोडवलं, आणि ती पायरीवर गुडघे टेकून बसली. अंगठ्याखाली, तळव्याला, रुपयापेक्षा मोठी जखम. तिला वाटलं होतं त्यापेक्षा स्वच्छ. इतकी स्वच्छ जखम तिनं पाहिली नव्हती. आत पांढरट, कोरडी, कडेला काळी रेघ, आणि त्या रेघेबाहेर तपकिरी गोल कडं. तेच कडं. बशीतलं, चर्चासत्रांत सगळे जे बघून माना डोलावतात, फोटो काढतात, टाळ्या वाजवतात ते. तिचं स्वतःचं. तिनं वास घेतला; उंडीचा, बाकी कसलाच नाही. मग तिनं वर, घोट्याकडे हात नेला. घोटा सुजून चकचकीत झाला होता आणि तिथून एक लाल पट्टा पोटरीकडे चढत गेला होता. हात ठेवला तर पाय चुलीजवळच्या तांब्यासारखा तापलेला.

“हय दुखता?”

“काय दुखणा नाय गो. पू नाय, घाण नाय. औषध लागू पडलाहा तुझा.” नाना तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचा आवाज खाली आला. “नाय पडला?”

तिनं ते फडकं उचलून लांब टाकलं.

“तू त्या दिवशी म्हटलंस, अजून माणसावर लावन बघूक नाय,” नाना म्हणाले. “सगळ्या देवळान आयकला. मी घराक येवन इचार केलंय, कोणाच्या तरी पायाक लावकच होया ना गो? नायतर तुझा काम अर्ध्यातच रवताला. परक्याच्या पायाक लावलंस आणि तेचा काय वाईट झाला तर तुका झोप लागली असती? माझो पाय काय, घरातलोच.” ते थोडं हसले. “जखम व्हती नाय. मोळो लागलो, तेवा म्हटलंय, देवानच धाडल्यान.”

पायात खिळा घुसला तेव्हा त्यांना आनंद झाला होता. हे तिला समजायला एक क्षण लागला. तिनं जे सांगितलं ते त्यांनी शब्द न् शब्द ऐकलं होतं. बुवांच्या मुखातून आलं ते जसं ऐकतात तसंच. तिच्या इशाऱ्यातून त्यांनी सेवा शोधून काढली होती. या माणसांना कशाची भीती घालायची, आणि कुठल्या शब्दांत?

“उठा नाना. मालवणाक जावया. आत्ताच.” ती फोन काढून रिक्षावाल्याचा नंबर शोधू लागली, नंबर सापडून हरवत होता. रिक्षावाला येतो म्हणाला.

“थांब,” नाना म्हणाले. “डॉक्टर पाय कापूक सांगतीत.”

“कदाचित नाय सांगणत.”

“सांगतीत. माका म्हायती आसा. देवाक इचारल्याशिवाय मी जावचंय नाय.” आणि आत हाक मारली, “गणपत.”

गणपत गुरव ओल्या हातांनी बाहेर आला, नानांचा पाय बघून कौल लावायला गाभाऱ्यात गेला. नाना भिंतीला धरून आत गेले, अनवाणी, तो पाय दगडी फरशीवर टेकत. पाषाणाच्या दोन्ही अंगांना गणपतनं एकेक पाकळी चिकटवली. “बा देवा म्हाराजा,” त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं, “आज ह्यो तुझो टाळकरी तुझ्या पायाकडे उभो आसा. दवाखान्याक जावचा म्हणता. तुका रुजू आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी. काय चुकला माकला आसात तर पदरात घी.” 

“व्हय म्हाराजा,” नाना म्हणाले.

“व्हय म्हाराजा,” तीही म्हणाली. सवयीनं नव्हे, मनापासून म्हणाली. आणि मग सगळं थांबलं. पाकळ्या ओल्या होत्या, पाषाण गार होता, वारा नव्हता. बाहेर उंडीच्या झाडावर कावळा ओरडला आणि गप्प झाला. नानांचे हात जोडलेले होते, काळी बोटं वर. लाल पट्टा धोतराखाली किती चढला असेल? तिनं कितीदा अशी वाट बघितली होती, रात्रभर, झाकण न उघडता, कारण वाट बघणं हाच त्या कामाचा धर्म. घाईनं उघडलं तर निकाल खोटा ठरतो. पण बशीतलं कुणी तिचं नव्हतं. डावी पडली तर नाना जायचे नाहीत. हे तिला जितकं स्वच्छ माहीत होतं तितकं दुसरं काहीच माहीत नव्हतं. ते ओसरीवर बसून राहतील, शांतपणे, आणि पट्टा गुडघ्याला पोचेल, मग मांडीला. देवा, तिनं मनात म्हटलं, तुझ्यावर माझा विश्वास आहे म्हणून सांगते, आज मला बघवत नाही. डावी पाकळी कडेनं किंचित सुटल्यासारखी वाटली. किंवा उजवी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तिला नक्की दिसलं नाही.

बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला.

तिनं नानांच्या दंडाला धरलं. “चला.”

“कौल...”

“चला नाना. गणपतकाका बघतीत.”

तिनं त्यांना जवळजवळ उचललंच. ते एवढे हलके असतील असं तिला वाटलं नव्हतं. पायरीवरून रिक्षापर्यंत तिनं त्यांना अंगावर घेऊन आणलं, आत बसवलं, तापलेला पाय आपल्या मांडीवर घेतला. टाळांची पिशवी मंडपातच राहिली. रिक्षावाला गाडी फिरवत होता तेवढ्यात गणपत गाभाऱ्यातून सभामंडपात आला. लांबून त्यानं हात वर केला.

“पडली गो,” तो म्हणाला.

रिक्षा पुढे सरकली. नाना मान वळवून मागे बघू लागले, पण छताचं कापड आड आलं. त्यांनी तिच्या मनगटाला धरलं. दोघांची काळी बोटं एकमेकांत अडकली, कुठली कुणाची ते कळेनासं झालं.

“खंयची पडली?”

आजवर न बघता तिनं कुठलाच निकाल सांगितला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे माड मागे जात होते. कुठेतरी मृदंग थांबलेला होता, टाळ हवेत वीतभर अंतरावर तसेच होते, आणि ते एकमेकांवर पडतील की नाही हे या वेळी तिला कुणी सांगणार नव्हतं.

“उजवी,” ती म्हणाली.

नानांनी डोळे मिटले आणि पायावरचा सगळा भार तिच्या मांडीवर सोडला.